निरोपाला गाव हवं

(गोव्यातील साखळी येथील व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मोबाइलमुळे शेतकऱ्याचं ज्ञान आणि शेती कशी बदलली’. तिथे येणारच आहे, पण आधी मला माझ्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जाऊ द्या.

पोफळीवरचा कोळेरोग तुम्हाला समजावायला नको. झड लागली, हवा दमट झाली की हिरवी सुपारी सडून टपटप गळते. त्यावर आपला जुना उपाय बोर्डो: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. पावसाआधी एक फवारणी आणि 40-45 दिवसांनी उघडीप बघून दुसरी. दोन वर्षांमागे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात याचा एक व्हिडिओ आला. सांगणारा माणूस चांगला होता, प्रमाणही बरोबर. मी तंतोतंत तसंच केलं. पण माझा चुना वर्षभर पडवीत उघडा पडलेला. हवा लागून त्याचा जोर गेला होता, हे त्या व्हिडिओवाल्याला कसं कळावं?

आमचा म्हातारा पाडेली, म्हणजे झाडावर चढून काम करणारा गडी, आता स्वतः चढत नाही, मुलाला घेऊन येतो. त्याने पिंपात डोकावून पाहिलं, कमरेची कोयती दगडावर घासून लख्ख केली आणि मिश्रणात बुडवली. थोड्या वेळाने बाहेर काढली, तर पात्यावर तांबूस थर. म्हणाला, ‘पळय, कोयती तांबडी जाली. चुनो उणो पडला.’ मोरचुदातलं मोकळं राहिलेलं तांबं लोखंडावर बसतं. तेच घोसावर गेलं असतं तर कोवळी फळं करपली असती. मग चुन्याचं पाणी थोडं थोडं ओतत गेलो, दर वेळी कोयती घासून बुडवत गेलो. चौथ्या खेपेला पातं स्वच्छ निघालं.

पाचव्यांदा बुडवायला लावून मी ते मोबाइलवर टिपलं, चाळीस सेकंदांत. म्हाताऱ्याचा आवाज, त्याचीच कोकणी. गटात टाकलं, आणि दुसऱ्याच दिवशी सावईवेऱ्याहून फोन आला, ‘आमचीही तांबडी निघाली हो!’ लिहिता न येणाऱ्या माणसाची विद्या एका रात्रीत सत्तरी तालुक्यातून फोंडा तालुक्यात पोचली. मोबाइलची खरी ताकद मला त्या दिवशी दिसली.

आणि त्याच पावसाळ्यात दुसरा निरोप आला, ‘पुढचे पाच दिवस उघडीप, फवारणी उरकून घ्या.’ तारीख नाही, गाव नाही. आम्ही माणसं बोलावली, दिवसाची मजुरी दिली, आणि तासाभरात आलेल्या सरीने सगळं धुऊन नेलं. तो अंदाज दुसऱ्याच राज्यातला होता. त्याचा राग मला अजून आहे.

तसं दुरून आलेलं ज्ञान वाईट नसतं. तंजावरकडे साठच्या दशकात एडीटी-27 हे भात आकाशवाणीवरून इतकं पसरलं की लोक त्याला ‘रेडिओ भात’च म्हणायला लागले. पण ते बोलणं त्या मुलखासाठी होतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिली. म्हणजे मूळ विषय आता धावतच सांगावा लागणार. 2004 साली फोनवर सल्ला देणारं सरकारी किसान कॉल सेंटर आलं, 2013 मध्ये मोबाइलवर संदेश पाठवणारं एम-किसान. म्हणजे वरून खाली सल्ला. व्हॉट्सअ‍ॅपने तो आडवा केला, शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे. वाचता न येणाऱ्या बायकाही आवाजी निरोप ऐकतात, स्वतः बोलून पाठवतात. रोगट पानाचा फोटो घरबसल्या कृषी अधिकाऱ्याला दाखवता येतो. हा फायदा मोठा आहे.

पण माती मागे राहते. देशावरच्या काळ्या जमिनीचा खतांचा हिशेब आपल्या आंबट जांभ्या मातीला कसा लागेल? खाजनाचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीचं, तर सगळंच वेगळं. तिथे मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणदाराचं, दार भरती-ओहोटीवर चालतं आणि पहिल्या पावसाने खार धुतल्याशिवाय कोरगुट हे खार सोसणारं भातही धरत नाही. जुने गोवेच्या संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी ‘गोवा धान’ वाण काढले, तेही इथल्याच गरजेतून.

म्हणून एकच मागणं. पुढे पाठवाल त्या निरोपात चार गोष्टी बोला: गाव कुठलं, तारीख कोणती, जमीन मोरड (उंचावरची), खेर (रेताड) की खाजन, आणि करून पाहिलं कोणी. आमच्या गटात यंदापासून याशिवाय निरोप घेत नाही. निरोप कमी झालेत, पण आता त्यांच्याखाली लोक प्रश्न विचारतात. काल एकाने विचारलं, चुना किती दिवसांचा?