ते पाच हजार परत का आले?

नमस्कार मंडळी. बँकेच्या काउंटरवर माझी ३१ वर्षं गेली. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक निवृत्त शिक्षक मुदत ठेव मोडायला आले. मुदत संपायला चारच महिने होते. मी म्हटलं, "सर, व्याजाचं नुकसान होईल." सरांनी मोबाइल पुढे केला. शेअरमध्ये पैसे गुंतवायच्या एका ॲपमध्ये हिरव्या अक्षरांत आकडा होता, ३८ लाख. घातले होते ९.

"यातले कधी काढून बघितलेत?"

"बघितले ना! पाच हजार मागितले, अर्ध्या तासात खात्यात जमा."

सर बुडाले ते त्या पाच हजारांमुळे. पैसे परत आले, म्हणजे व्यवहार खरा, असं आपल्याला वाटतं. पण ते सरांनी स्वतःच भरलेल्या पैशांतले होते, नाहीतर दुसऱ्या कुणीतरी सकाळी भरलेले. १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणून लोकांना गोळा केलं. नव्यांचे पैसे तो जुन्यांना वाटत होता, आणि घेणारे जुने लोकच त्याची जाहिरात करत होते.

आपल्याकडे जानेवारी २०२५मध्ये दादरला टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या बंद दुकानाबाहेर गर्दी उसळली, ती आठवा. पैसे गुंतवा, मोइसनाइटचा, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा खडा घ्या आणि दर आठवड्याला परतावा मिळवा, अशी ती योजना. सुरुवातीला हप्ते आले, म्हणून भाजीवाल्यांपासून नोकरदारांपर्यंत लोकांनी भावाला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं. आठवड्याला ६ टक्के धरा आणि ते पुन्हा गुंतवत जा. वर्षभरात एका लाखाचे २० लाखांवर होतात. बँकेत ७ टक्क्यांनी रक्कम दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात. एवढा नफा देणारा धंदा खरंच कुणाला सापडला असता, तर तो आपले दहा हजार कशाला मागेल? स्वतःचं घर गहाण टाकून तो त्यातच पैसे घालेल.

आता सरांच्या ॲपकडे येऊ. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये त्यांना कुणीतरी परस्पर घातलं होतं. रोज कुणी ना कुणी नफ्याचा स्क्रीनशॉट टाकायचं, "गुरुजींमुळे मुलीचं लग्न झालं" असं लिहायचं. गुरुजी म्हणजे ग्रुप चालवणारा. अशा ग्रुपात बरीचशी माणसं टोळीचीच असतात. घरी इतक्यात सांगू नका, असंही त्यांना बजावलेलं होतं. मला सगळ्यात वाईट वाटतं ते याचं. बायकोने एक प्रश्न विचारला असता, तरी डाव मोडला असता.

मी सरांच्या आधीच्या पावत्या मागितल्या. एक रक्कम कपड्यांच्या दुकानाच्या खात्यात, दुसरी एका ट्रॅव्हल्सच्या, तिसरी कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात. शेअर घ्यायला ट्रॅव्हल्सच्या खात्यात पैसे कशाला भरायचे? दलाल खरा असेल, तर त्याचं नाव सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांकासह सापडतं. शेअर खरोखर घेतलेले असतील, तर ते आपल्या डीमॅट खात्यात, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात दिसतात आणि एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थांच्या विवरणात येतात. सरांकडे यातलं काहीच नव्हतं. होता तो फक्त हिरवा आकडा, आणि तो तर कुणीही टाइप करू शकतो.

ठेव कशासाठी मोडायची होती? तर सगळी रक्कम काढायची असेल, तर २९ लाखांच्या नफ्यावर २० टक्के कर आधी भरा, असा निरोप आला होता. पाच लाख ऐंशी हजार. मंडळी, शेअरच्या नफ्यावरचा आयकर आपण सरकारकडे भरतो. ॲपवाल्याने सांगितलेल्या खात्यात तो कधीच भरायचा नसतो. स्वतःचेच पैसे सोडवायला आणखी पैसे मागितले, की तिथेच थांबा.

कुणी सरांना लोभी म्हणालं, तर मला राग येतो. नातवाच्या इंजिनीअरिंगची फी भरायची होती त्यांना.

त्या दिवशी त्यांनी अर्जावर सही केली नाही. काउंटरवरूनच आम्ही १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक विचारत होते आणि सर पावतीवरचा क्रमांक वाचताना दोनदा चुकले. शेवटची रक्कम भरून चार दिवस झाले होते. त्यातले साठ हजार तेवढे समोरच्या खात्यात शिल्लक होते, ते गोठवले गेले. बाकीची रक्कम पहिल्याच तासात पुढच्या खात्यांत वळती झाली होती.

सरांच्या पत्नीला हे सगळं त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.