जुनं पिस्तूल घ्यायचंय? आधी विकणाऱ्याचा हात बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली तुमचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: ओळखीच्या माणसाकडे ३२ बोरचं (बोर म्हणजे नळीचं माप) पिस्तूल आहे, घेऊ का?

कागदाचं पटकन सांगतो. तुमच्या परवान्यावर पिस्तूल हवं आणि बोरही तोच हवा. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. खासगी व्यवहार असेल तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला तुमच्या नावपत्त्यासकट आधी लेखी कळवायचं आणि मग ४५ दिवस थांबायचं. "तोवर घरी आणून ठेवू का?" नाही. एक रात्रही नाही. आणि ९ एमएम मागणाऱ्यांनो, तो प्रतिबंधित बोर आहे, परवाना असला तरी आपल्यासारख्यांना मिळत नाही.

आता मुद्द्याचं. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं नसतं. एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, राहू शकते.

गोव्यात फोंड्याजवळ एका घरी बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसलो होतो. मालक वयाने मोठे, स्वभावाने प्रेमळ. मॅगझिन काढून बाजूला ठेवलं आणि पिस्तूल माझ्या हातात देत म्हणाले, "बाब, रिकामं आहे." मी नळी समोरच्या मातीकडे धरली, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली. एक पिवळं काडतूस टण्णकन लादीवर पडलं आणि गडगडत पायरीपाशी गेलं. त्या पायरीवर त्यांच्या नातवाच्या छोट्या चपला होत्या.

नळी आतून स्वच्छ होती, किंमतही वाजवी होती. तरी मी ते घेतलं नाही. ज्याला आपल्या पिस्तुलात काय आहे ते माहीत नाही, त्याने ते कसं सांभाळलं असेल?

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी मॅगझिन, मग स्लाइड. उलट केलंत तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली वरची गोळी चेंबरमध्ये ढकलते. मग तुम्ही मॅगझिन काढता, हायसं वाटतं, आणि गोळी आतच असते. सेमी-ऑटोमॅटिकचं, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाचं, कामच ते. रिव्हॉल्व्हरची सवय असलेले इथेच फसतात. तिथे सिलिंडर उघडला की सगळी घरं समोर दिसतात.

एकाने लिहिलंय, "दादा, माझ्या पिस्तुलात मॅगझिन नसेल तर ट्रिगर चालतच नाही." काही पिस्तुलांत तशी सोय असते, काहींत नसते. जुन्या पिस्तुलातला तो भाग झिजलाय की कोणी काढून टाकलाय, हे बाहेरून कळत नाही. त्यावर विसंबू नका. स्लाइड मागे अडकवा, उजेडात चेंबर बघा, मग करंगळीने चाचपा. विकणारा हे सगळं न सांगता स्वतः करून पिस्तूल हातात देतो का, ते बघा. मी निम्मा निर्णय तिथेच घेतो.

उरलेला निम्मा गंजावर. आपल्याकडे चार महिने हवेत पाणीच असतं, त्यात निवडणूक आली की शस्त्र ठाण्यात जमा होऊन पडून राहतं. वरून चकचकीत असलं तरी मूठीच्या पट्ट्या काढून दाखवायला सांगा. घामाचा गंज त्यांच्याखाली बसतो. टॉर्च लावून नळीत बघा. आतल्या पिळाच्या खाचा ठळक हव्यात, गंजाचे खड्डे नकोत. मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकलेले असतील तर गोळी अडकणार. आणि स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (काडतूस चेंबरमधून बाहेर ओढणारा आकडा) परवानाधारक दुकानातल्या कारागिराला दाखवा, गोळी घरी झाडून बघू नका. पिस्तुलावरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्याशी एकेक आकडा जुळवा.

सत्तरी तालुक्यातून दोघांनी विचारलंय, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) रानडुकरं येतात, त्यासाठी पिस्तूल चालेल का? नाही हो. रानडुकरापुढे ३२ बोरचं पिस्तूल म्हणजे जखमी जनावर अंगावर घेणं. पीक राखायला परवाना हवा तो लांब नळीच्या बंदुकीचा, तसाच अर्ज करा.