गोळी थांबवायलाही शिकवूया

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. औषध देण्याचे हे पाच नियम नर्सिंगच्या तुम्हा सगळ्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहेत. पण ते आपण हॉस्पिटलच्या वॉर्डात शिकवतो, आणि तुमच्यापैकी कितीतरी जण उद्या कोथरूडच्या नाहीतर सिंहगड रस्त्याच्या एखाद्या वृद्धाश्रमात कामाला लागतील. तिथे मनगटावर नावाची पट्टी नसते आणि डॉक्टर रोज येतीलच असं नाही.

पहिलाच नियम घ्या. पुण्यात एका मजल्यावर तीन कुलकर्णी आजी असणं काही नवल नाही. ‘तुम्ही कुलकर्णी आजी ना?’ असं विचारलंत, तर स्मृतिभ्रंश झालेल्या दुसऱ्याच आजी ‘हो’ म्हणतील. म्हणून विचारायचं, ‘आजी, तुमचं पूर्ण नाव काय?’ सांगता आलं नाही, तर तक्त्यावरच्या फोटोशी चेहरा ताडून पाहायचा. फोटो नसेल तर तो लावला जाईपर्यंत पाठपुरावा करायचा.

इन्सुलिनबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे. आपल्याकडे ४० युनिटची व्हायल (औषधाची छोटी बाटली) मिळते आणि १०० युनिटचीही. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तेवढी युनिट्स. ४० च्या सिरिंजचं झाकण सहसा लाल, १०० च्या सिरिंजचं केशरी. १०० च्या व्हायलमधून ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत औषध भरलं, तर अंगात दहा नाही, पंचवीस युनिट्स जातात. रात्री शुगर उतरली तर झोपलेल्या आजोबांना ते सांगताही येत नाही. झाकणाच्या रंगावर विसंबू नका. व्हायलवरचा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचा.

गिळता येत नाही म्हणून गोळ्या कुटून वरणभातात कालवतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन एसआर ही गोळी दिवसभर हळूहळू सुटावी म्हणून तशी बनवलेली असते. कुटली की सगळं औषध एकदम सुटतं. अ‍ॅसिडिटीच्या पॅन्टोप्राझोल गोळीवरचं आवरण ते जठरातल्या आम्लात नासू नये म्हणून असतं. अशा वेळी डॉक्टरांना फोन करून दुसरा प्रकार मागायचा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी आणि कॅल्शियमपासून चार तास लांब, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

याहून अवघड असतं ते रोज पाहणाऱ्याच्याच लक्षात येण्यासारखं. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पाय सुजतात. सूज पाहून लघवीची गोळी सुरू होते. मग आजोबा रात्री तीनदा उठतात आणि बाथरूमच्या वाटेवर पडतात. डॉक्टरांना प्रत्येक भेटीत यातला एकेक तुकडाच दिसतो. पूर्ण साखळी दिसते ती सिस्टरला, म्हणून ती तारखांसकट वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवायला मुलींना शिकवलंच पाहिजे.

शिक्षकांकडे माझी एक मागणी आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एक तरी ट्रे असा ठेवा, की त्यातलं औषध न देणं हेच बरोबर उत्तर असेल: हृदयाचे ठोके मंदावणारी डिगॉक्सिनची गोळी आणि पूर्ण मिनिटभर मोजलेली नाडी ५२. मुलीने ती थांबवली, डॉक्टरांना कळवलं आणि कारण लिहिलं, तर पूर्ण गुण द्या.