कागदाचं नाव घेऊन मागा

मंडळी, मी आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. नगरपालिकेत लिपिक म्हणून लागलो, शेवटची अकरा वर्षं अभिलेख कक्षात काढली आणि तिथूनच निवृत्त झालो. माहिती अधिकारावर बोलायला तुम्ही एखादा कार्यकर्ता सोडून मला बोलावलंत, याचं आधी नवल वाटलं. मग म्हटलं, ठीक आहे, चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

तेव्हा सुरुवात कबुलीनेच करतो. कायदा नवीन होता तेव्हाची गोष्ट. एका गृहस्थाचा अर्ज आला, ‘आमच्या गल्लीतला रस्ता एकाच पावसात का उखडला? याला जबाबदार कोण? त्यांच्यावर काय कारवाई करणार?’ साहेबांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. मी दोन ओळींचा मसुदा केला, ‘मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असून माहितीच्या व्याख्येत बसत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ सही झाली, जावक क्रमांक पडला, पत्र गेलं. उत्तर कायद्याला धरूनच होतं. पुढे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात हेच सांगितलं की, कार्यालयाच्या ताब्यात जे आहे ते द्यायचं; मत बनवून किंवा नव्याने काही तयार करून देण्याचं बंधन नाही.

पण त्या गृहस्थांचं उत्तर माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. त्या रस्त्याचं मोजमाप पुस्तक, म्हणजे प्रत्यक्ष किती काम झालं त्याची मापं लिहितात ती वही. त्यांनी ते नाव घेऊन मागितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कायद्याच्या कलम 5 मध्ये लिहिलंय की, माहिती मागणाऱ्याला माहिती अधिकाऱ्याने वाजवी मदत करायची. ती आम्ही केली नाही. आज त्याचीच थोडी परतफेड.

सांगायचं आहे ते एवढंच, की कार्यालयाला प्रश्न विचारू नका, कागद मागा. आणि कागद मागायचा तर त्याचं नाव ठाऊक हवं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 च्या डिसेंबरात गावात जनसुनवाई घेतली, तेव्हा तिथल्या मजुरांच्या हातात काय होतं? हजेरीपत्रक आणि बिलं. नावं मोठ्याने वाचली गेली आणि ज्याचं नाव त्यानेच उठून सांगितलं की मी या कामावर कधी गेलोच नाही. ‘भ्रष्टाचार झाला का’ असं नुसतं विचारून हे कधीच बाहेर आलं नसतं. 12 ऑक्टोबर 2005 ला लागू झालेल्या आपल्या कायद्याची मुळं अशा हजेरीपत्रकांत आहेत. महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी स्वतःचा वेगळा कायदा केला होता.

आता तो रस्ताच घेऊ. रस्ता डांबराचा किंवा काँक्रीटचा दिसतो, पण कार्यालयात तो कागदाचा असतो. आधी सभेचा ठराव. मग अंदाजपत्रक आणि त्याला तांत्रिक मान्यता, शिवाय प्रशासकीय मान्यता. मग निविदा, ठेकेदाराशी करारनामा, कार्यारंभ आदेश. काम चालू झालं की मोजमाप पुस्तक. आमच्याकडे सगळे त्याला ‘एमबी’ म्हणतात. त्यावरून देयक, आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. करारनाम्यात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, म्हणजे त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने पदरच्या पैशाने दुरुस्त करायचा. त्या गृहस्थांनी तेवढं एक पान मागितलं असतं तरी बरंच काही झालं असतं.

एमबी हा फार प्रामाणिक कागद आहे. खोटा लिहिला तरी तो प्रामाणिक राहतो, कारण त्यात आकडे लिहावेच लागतात. पानांवर छापील क्रमांक, त्यामुळे मधलं पान फाडलं तर कळतं. नोंद शाईने करायची, चुकलं तर काट मारून वर आद्याक्षरी करायची. एका ओळीत लांबी, रुंदी, जाडी आणि गुणाकार.

एकदा एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांनी अर्जात लिहिलं होतं, ‘अमुक गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याच्या मोजमाप पुस्तकातल्या संबंधित पानांची प्रमाणित प्रत.’ बस. मीच प्रत काढून दिली. नोंद होती 120 गुणिले 3.00 गुणिले 0.15, बरोबर 54 घनमीटर. आठवड्याने बाई परत आल्या, पिशवीतून शिवणकामाची टेप काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘दादा, रुंदी कुठेच 2.60 च्या वर भरत नाही.’ मी कॅल्क्युलेटर घेतला. 46.80. म्हणजे 7.20 घनमीटर काँक्रीट कागदावर ओतलं होतं, जमिनीवर नव्हतं. जाडी तर त्यांना मोजताही आली नव्हती. पुढे अभियंत्यांना त्यांच्या तक्रारीवर फेरमोजणी करावीच लागली. ‘प्रश्नार्थक स्वरूपाचं’ असं लिहायला कुणाला जागाच उरली नव्हती.

गावात असाल तर नावं बदलतात, रीत तीच. ग्रामपंचायतीचा हिशेब 2011 च्या लेखासंहितेप्रमाणे 1 ते 33 क्रमांकांच्या नमुन्यांत ठेवतात. घराची कर आकारणी पाहायची तर नमुना 8. ग्रामसभेत काय ठरलं ते हवं असेल तर इतिवृत्त, म्हणजे सगळे ज्याला प्रोसिडिंग म्हणतात ते. इतिवृत्ताबरोबर त्या सभेचं उपस्थितीचं रजिस्टरही मागा. दीडशे लोकांनी ठराव केला असं लिहिलेलं असतं आणि सह्या पस्तीस. जमिनीचं म्हणाल तर सातबारा हे नावच मुळी गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 यांच्या जोडीवरून पडलं. सातबाऱ्यावर एखादं नाव अचानक चढलेलं किंवा उतरलेलं दिसलं, की त्याच्याशेजारचा फेरफार क्रमांक, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीचा क्रमांक, टिपून घ्या आणि तो फेरफार मागा. का चढलं, कुणाच्या अर्जावरून चढलं, नोटीस कुणाला गेली, सगळं तिथे सापडतं. शहरात सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक असतं, ते नगर भूमापन कार्यालयात.

पण हे सगळं मागायला माहिती अधिकाराचाच अर्ज लागतो असं नाही. लोक उगाच तोफ काढतात. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. दस्त नोंदणीची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतो. जन्माचा किंवा रहिवासाचा दाखला अडकला असेल तर त्याला 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात प्रत्येक दाखल्याची मुदत ठरलेली आहे. आणि माहिती अधिकाराच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने 17 बाबी आपणहून जाहीर करायच्या आहेत. त्या बहुतेक ठिकाणी धूळ खात पडलेल्या असतात, वर्षानुवर्षं तीच बदली झालेल्या साहेबांची नावं. तरी वाचा, कारण त्यात कार्यालयाकडे कोणकोणते अभिलेख आहेत याची यादी असते. कागदाचं नाव शोधायची सगळ्यात सोपी जागा तीच.

दुसरी सोपी वाट सोमवारची. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने शासन निर्णय काढला, की जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्या आधीपासून होती. मला विचाराल तर प्रतीपेक्षा पाहणी मोठी. प्रत मागितली की जेवढं मागितलं तेवढंच मिळतं. फाइल हातात आली की टिपणीची पानं दिसतात, कुणी काय शेरा मारला, कुणाचा आक्षेप कुणी खोडला, सगळं. हवं ते टिपून घ्या, पानांचे क्रमांक लिहून घ्या आणि मग फक्त तेवढ्याच पानांची प्रत मागा. चारशे पानांची फाइल मागून दोन रुपये पानाने आठशे रुपये भरलेले लोक मी पाहिलेत. त्यांना त्यातली सहा पानं हवी होती.

अर्जाचं फार अवडंबर माजवू नका. जोडपत्र ‘अ’चा नमुना, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, नाहीतर रोख भरून पावती. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर त्याची प्रत जोडा, शुल्क नाही. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. लोकांना हा नियम जाचक वाटतो. मला तो बरा वाटतो, निदान अर्ज लिहिणाऱ्याची भाषणं तरी थांबतात. माहिती कशासाठी हवी ते सांगायची गरज नाही, विचारलं तरी नाही. कालावधी मात्र नक्की लिहा, ‘1 एप्रिल 2022 ते 31 मार्च 2023’ असा. ‘गेल्या काही वर्षांतली’ असं लिहिलंत की माझ्यासारखा बाबू खूश होतो. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. उत्तराची मुदत 30 दिवस, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मुदत उलटून गेली तर माहिती फुकट द्यावी लागते, हे फार थोड्यांना माहीत असतं. आणखी एक. प्रतींचे पैसे भरा असं पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या 30 मध्ये मोजत नाहीत. आमच्यापैकी काहीजण हे पत्र मुद्दाम एकोणतिसाव्या दिवशी काढायचे.

सगळ्यात चिवट उत्तर म्हणजे ‘सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही.’ इथे बहुतेक जण हात टेकतात. मी अभिलेख कक्षात होतो म्हणून सांगतो, कागद असा हवेत विरत नाही. प्रत्येक कागदाला वर्ग असतो. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-1’ पाच, ‘ड’ एक वर्ष. मुदत संपली की यादी करून, मंजुरी घेऊन नष्ट करायचे आणि तशी नोंद ठेवायची. कसर, वाळवी, गळकं छप्पर हे खरंच असतं. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा सोडला आणि आत नुसता भुगा, हे मी पाहिलंय. पण त्याचाही पंचनामा व्हायला हवा. म्हणून ‘आढळून येत नाही’ असं उत्तर आलं की दुसरा अर्ज टाका आणि दोनच कागद मागा. एक, तो अभिलेख कोणत्या वर्गात मोडतो ते दाखवणारी वर्गीकरणाची यादी. दोन, नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीची त्या वर्षाची पानं. दोन्हींत तुमचा कागद नष्ट झाल्याचं दिसलं नाही, तर तो हरवलाय. आणि सरकारी कागद हरवणं साधं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 खाली नियम डावलून अभिलेख नष्ट करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. या कायद्याचं नुसतं नाव अर्जात आलं, की न सापडणाऱ्या कितीतरी फायली माझ्या डोळ्यांदेखत सापडल्या. एक तर साहेबांच्या टेबलाच्या खालच्याच खणात होती.

नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर 30 दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ‘ब’, 20 रुपयांचं तिकीट. त्यानंतर 90 दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाकडे. आयोगाकडे प्रकरणं तुंबलेली असतात, हे मी गोड शब्दांत सांगत बसत नाही. पहिल्या अपिलाची सुनावणी मात्र सोडू नका, जातीने हजर राहा. दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 दंड माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. तो लावण्याचा अधिकार आयोगालाच आहे, पण त्याची धास्ती पहिल्या अपिलातही टेबलावर असते.

एक नाजूक बाब राहिली. शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून त्याच्या घरातल्या कागदांची खणती करायला हा कायदा नाही. कर्मचाऱ्याचं आजारपण, कुणाचं बँक खातं, हे मागू नका. वैयक्तिक माहितीचं कलम 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने आणखी कडक केलंय. मात्र कलम 8 (2) शाबूत आहे, म्हणजे सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती द्यावी लागते. तेव्हा कारण सांगायची सक्ती नसली, तरी अशा अर्जात ते हित एका ओळीत लिहून टाका. आणि अर्ज टाकून नंतर मागे घेण्याचे पैसे मागणारी मंडळी असतात, तीही मी पाहिलीत. त्यांच्यामुळे खऱ्या माणसाचा अर्जही आधी संशयानेच उघडला जातो.

आज रविवार. उद्या कुणी पालिकेत किंवा जिल्हा परिषदेत जाणार असाल तर ओळखपत्र, वही आणि दोन पेनं घ्या. मोबाइलने फोटो काढायचे असतील तर आधी विचारा. आणि तीनलाच जा, साडेचारला नको. अभिलेख कक्षाची किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यातच अर्धा तास जातो.