शून्याचं तिकीट आणि करमत नाही

नमस्कार. मागे ऐकू येतंय का? येतंय. म्हणजे पुढच्यांना त्रास होत असणार, थोडं सहन करा, मी 33 वर्षं एसटीत कंडक्टर होतो, माझा आवाज माइकसाठी बनलेलाच नाही, शेवटच्या सीटसाठी बनलेला आहे.

पत्रकावर विषय छापलाय "दैनंदिन चिंता, एकटेपणा व भावनिक आव्हाने : उपाय व दिशा". हे मी दिलेलं नाव नाही. मी आपल्या सेक्रेटरी साहेबांना फोनवर म्हटलं होतं, "करमत नाही" एवढंच लिहा. ते म्हणाले अण्णा, व्याख्यानमालेला शोभलं पाहिजे. आता शोभतंय, पण मे महिन्यात 45 डिग्रीत तुम्ही इथे बसलाय ते उपाय व दिशांसाठी की कूलरसाठी ते तुमचं तुम्हाला माहीत. उपाय सांगणार आहे, शेवटी सांगतो, त्याच्या चिठ्ठ्या खिशात आहेत. आणि खान्देशात मनावर बोलायचं म्हटलं की एक कविता म्हणावीच लागते, ती मी म्हणणार नाही, तुम्हा सगळ्यांना पाठ आहे आणि माझ्यापेक्षा चांगली म्हणता येते.

तर 2023 च्या 31 मे ला मी रिटायर झालो. हार, नारळ, शाल, डेपोतल्या पोरांनी खांद्यावर घेतलं वगैरे. 1 जूनला पहाटे चारला उठलो, आंघोळ केली, आणि मग लक्षात आलं की जायचं कुठंच नाही. पहिले आठ दिवस मजा वाटते. नंतर नाही. बघा, 44 सीट आणि 11 उभे, हा कागदावरचा हिशोब, आपल्याकडे लग्नसराईत 90 माणूस चढतं, म्हणजे दिवसाला पाच-सहाशे माणसांशी माझं काहीतरी बोलणं व्हायचं. पुढं सरका, सुट्टे द्या, पोरगं किती वर्षांचं आहे, गेल्या वर्षीही पाचचंच होतं की. हे सगळं एका दिवसात बंद. दूध आणणाऱ्या माणसाला मी तीन-तीन मिनिटं थांबवून ठेवायचो. बायको म्हणाली, तुम्ही रात्री झोपेत "चला पुढे सरका" म्हणता आणि मला भिंतीकडे ढकलता. हसा, पण ती खरंच एक महिना खाली गादी टाकून झोपली.

आणि मग ऑगस्टात एका रात्री तीनला छातीत धडधड. हातपाय गार, घाम, वाटलं संपलो. शेजारच्या पोराने मोटारसायकलवर मधे बसवून नेलं, मागे त्याचा भाऊ मला धरून. दवाखान्यात ईसीजी काढला, नॉर्मल. रक्त तपासलं, ठीक. डॉक्टर म्हणाले, "काही नाही अण्णा, टेन्शन घेऊ नका."

पंधरा दिवसांनी परत. परत नॉर्मल. टेन्शन घेऊ नका. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा नर्सबाईंनीच लांबून सांगितलं.

आता माझी तक्रार इथे आहे आणि ती मी जरा सविस्तर करणार आहे. टेन्शन घेऊ नका म्हणजे काय? टेन्शन म्हणजे पंगतीतली बुंदी आहे का, की वाढपी आला आणि मी पत्रावळीवर हात आडवा धरला, नको नको, पोट भरलं? अरे मी घेत नाहीये, ते वाढून गेलंय. आणि वाढणारा कोण ते मला दिसत नाहीये. मुलगा पुण्यात बरा आहे, मुलगी सुरतला उधन्यात दिली, तिचं छान चाललंय, कर्ज नाही, शुगर नाही. मग कशाचं टेन्शन? लोक विचारायचे, "तुम्हाला काय कमी आहे?" ह्याला उत्तर नसतं, आणि उत्तर नसलं की माणसाला वाटतं आपण नाटकच करतोय. मग तो सांगणं बंद करतो. मी बंद केलं. जेवलो का तर जेवलो, बरे का तर बरे.

तेव्हा मला बाबा आठवले. आता बाबांची गोष्ट, सेक्रेटरी साहेब घड्याळ बघू नका, ही गोष्ट सांगायलाच मी आलोय.

2022 च्या ऑगस्टमध्ये सरकारने 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत केली. अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. आधार दाखवायचं, मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट निघतं. (बायकांचं अर्धं तिकीट नंतर, 2023 च्या मार्चमध्ये, त्याच्यावर वेगळं व्याख्यान होईल, अर्ध्या तिकिटामुळे माहेरचे किती भांडण मिटले आणि किती नवीन लागले.) मी तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाची गाडी करत होतो, सकाळी सव्वादहाची. तर एक बाबा रोज त्या गाडीला. पांढरं धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत काही नाही. रोज माझ्या सीटच्या शेजारी बसणार. पहिल्या दिवशी विचारलं, बाबा काय काम काढलं तालुक्याला? तर म्हणाले, "काई काम नही भाऊ, बठाले जास."

बसायला जातो! स्टँडवर जायचे, बाकावर बसायचे, एकच्या गाडीने परत. रोज. आठवड्याचे सहा दिवस, रविवारी नाही, का तर रविवारी नातू घरी असतो.

आता लोक काय म्हणायचे ते तुम्हालाही माहीत आहे, तुम्हीही म्हटलं असेल. फुकट केलं ना, आता हे म्हातारे गाड्या अडवतात, शाळेच्या पोरींना जागा नाही. मी पण त्यातलाच. डिसेंबरात एकदा गाडी गच्च भरलेली, आदल्या रात्री मुक्कामी गाडी करून आलेलो, झोप नाही, आणि बाबा त्यांच्या नेहमीच्या हळू चालीने चढताहेत, आणि मी सगळ्यांसमोर बोललो, "बाबा, फुकट आहे म्हणून रोजच फिरायचं का?" गाडीत हसले लोक. बाबाही हसले. बसले. तालुक्याला उतरले.

दुसऱ्या दिवशी नाही आले. तिसऱ्या दिवशी नाही. आठ दिवस ती सीट, म्हणजे सीट रिकामी नसायची हो, कोणीतरी असायचंच, पण मला रिकामी दिसायची. नवव्या दिवशी आले. मी मशीन काढलं, आधार बघायची गरज नव्हती, तर त्यांनी घडी केलेली वीसची नोट पुढं केली आणि म्हणाले, "हाई घे भाऊ. आते फुकट नही ना?"

मी ती घेतली नाही. ते खिशात घालायला तयार नाहीत. गाडी चालू, मी उभा, नोट मधे. शेवटी शेजारच्या मावशींनी ती नोट घेऊन त्यांच्या पिशवीत टाकली. मी शून्याचं तिकीट फाडून दिलं, त्यांनी नीट घडी करून टोपीत ठेवलं. माफी वगैरे मी मागितली नाही, आपल्याकडे कंडक्टर माफी मागत नाही. रस्ताभर फक्त त्यांच्याशी बोलत होतो. कापसाचा भाव काय, केळीवर यंदा रोग कसा आलाय, असं.

सात-आठ महिन्यांनी मी तीन वाजता छाती धरून बसलो तेव्हा मला कळलं की बाबांना काय कमी होतं. काही कमी नव्हतं. करमत नव्हतं. आणि त्यांनी स्वतःचा उपाय स्वतः शोधला होता, एक तास माणसांच्या शेजारी बसायचं, बिनकामाचं. मी तो उपाय आठ दिवस बंद पाडला.

माझं म्हणणं खरं एवढंच आहे. "करमत नाही" हा आपल्या भाषेतला फार सोयीचा शब्द आहे. डिप्रेशन म्हटलं की मुलीचं लग्न जमेल का ह्याची चर्चा, मानसिक म्हटलं की डोक्यावर परिणाम झालाय, बुवाकडे न्या, बाहेरचं असेल, उतारा काढा. पण "माले करमत नही" हे सत्तरीतला माणूसही पारावर मोठ्याने म्हणू शकतो आणि कोणी हसत नाही. दार उघडं ठेवणारा शब्द आहे तो.

आणि हे मी एकटा म्हणत नाहीये. झिम्बाब्वे म्हणून देश आहे आफ्रिकेत, क्रिकेटमुळे माहीत आहे. तिथे मनाचे डॉक्टर बोटावर मोजण्याइतके. त्यातले एक, डिक्सन चिबांडा, त्यांनी 2006 साली हरारेत काय केलं, तर 14 आज्या घेतल्या. आपल्या आज्या असतात तशा, थोडंसं ट्रेनिंग दिलं, आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसवल्या. ज्याला त्रास आहे त्याने येऊन आजीशेजारी बसायचं आणि बोलायचं. आजी उपदेश करत नाही, विचारते की एवढ्या सगळ्यातली कुठली एक गोष्ट आधी सोडवायची. पहिलं नाव होतं मानसिक आरोग्याचा बाक. आज्याच म्हणाल्या, असल्या नावाच्या बाकावर कोण येऊन बसेल? मग नाव झालं मैत्रीचा बाक, आणि लोक यायला लागले. बघा सेक्रेटरी साहेब, नावाला किती महत्त्व आहे. 2016 मध्ये ह्याच्यावर रीतसर अभ्यास छापून आला, 573 लोक, सहा महिन्यांनी आज्यांकडे गेलेल्यांचा त्रास नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा कमी. आणि तिकडे ह्या त्रासाला त्यांच्या भाषेत शब्द आहे कुफुंगिसिसा, म्हणजे अति विचार करणं. गैरा इचार! आपली आजी हेच म्हणायची ना, "गैरा इचार नको करू."

इंग्लंडने 2018 ला एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपानने 2021 ला. आपल्याकडे मंत्री नको, आहेत ते पुष्कळ आहेत, ओटा पाहिजे. जुन्या घरांना ओटा होता, आता घर बांधलं की आधी गेट आणि पार्किंग. जागतिक आरोग्य संघटनेचा 2025 चा अहवाल म्हणतो जगात सहातल्या एकाला एकटं वाटतं. म्हणजे माझ्या 44 सीटच्या गाडीत सात जण, आणि त्यातला एक कंडक्टर असू शकतो हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

बायकांचं थोडं बरं आहे, बरं म्हणजे कामाच्या बाबतीत नाही. पण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेर आहे, झोका आहे, कानबाई देवीचे रोट आहेत, बचत गट आहे, पापड-बिबडे करायला चार जणी जमतात आणि सासूचा विषय निघाला की मन मोकळं. पुरुषांना काय, आखाजीला पत्ते. तेवढीच आमची ग्रुप थेरपी, आणि त्यातही पैसे हरून घरी यायचं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं. उपाय व दिशा.

भराभर सांगतो. पहिलं, छातीत दुखलं तर आधी दवाखान्यातच जा, मनाचं आहे असं घरी बसून ठरवू नका, ईसीजी काढा. हृदय ठीक निघालं आणि तरी असं परत परत होत असेल तर तो घबराटीचा झटका असू शकतो. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतो, त्याने माणूस मरत नाही, हे मला कोणी तेव्हा सांगितलं असतं तर पहिल्यानंतरच्या ईसीजीचे पैसे वाचले असते. तेव्हा श्वास जोरजोरात आत ओढू नका, आपण नेमकं तेच करतो. हळू सोडा, आत चार मोजून, बाहेर सहा-आठ मोजून, सोडताना हृदय मंद होतं.

दुसरं, काळजीला टाइमटेबल द्या. एसटीसारखं. संध्याकाळी साडेपाच ते सहा, फक्त काळजी, वहीत लिहून. रात्री तीनला आली तर सांगायचं, बाई, तुझी गाडी साडेपाचची आहे. पहिले दोन आठवडे ऐकत नाही, मग ऐकते. माझी बऱ्यापैकी ऐकते.

चहा दुपारनंतर कमी. मी दिवसाला बारा कप प्यायचो आणि धडधड होते म्हणून डॉक्टर शोधत होतो. आणि दारू, "झोप येते म्हणून घेतो" म्हणणारे इथे आहेत, नावं घेत नाही, तिने झोप येते पण पहाटे मोडते आणि घबराट दुप्पट. झोपेची गोळी मेडिकलवाल्याला मागून नाही घ्यायची, तिची सवय लागते. पण मनाच्या डॉक्टरने दिलेली गोळी वेगळी, तिचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि लोक चौथ्या दिवशी सोडतात, बंद करायची तर त्यांनाच विचारून.

आणि एक, हे मला फार महत्त्वाचं आहे आणि नेमका वेळ नाही. वादळाने केळीचा बाग आडवा झाला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, अशा माणसाला श्वास मोजायला सांगू नका. त्याची काळजी खरी आहे. त्याच्यासोबत पंचनाम्याला जा, बँकेत जा, विम्याचा फॉर्म भरायला बसा. तोच त्याचा बाक.

दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, किंवा जगून काय करायचं असं मनात आलं तर वाट बघायची नाही. ज्याच्या मनात ते आलंय असं वाटतं त्याला सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात घातलं जात नाही. आणि त्याला एकटं सोडू नका. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला मनाचे डॉक्टर असतात. आणि फोन, 14416, टेली मानस, 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट, रात्री तीनलाही उचलतात, मराठीत बोलतात. लिहून घ्या. एक चार चार एक सहा. माझ्या चिठ्ठ्यांवर पण लिहिलाय, जाताना घ्या, शून्य रुपयाच्या आहेत.

मागच्या भाऊंनी हात वर केलाय, पण हॉलची वेळ संपली, वॉचमनला कुलूप लावायचंय. बाहेर ओटा आहे, चहा सांगितलाय, अर्धा कप घेऊ. ज्यांना घाई नाही त्यांनी थांबा, ज्यांना आहे त्यांनी जाताना खुर्ची आत सरकवा.