रिळाच्या पोटातला दोरा

आज पिशवीतून दोन वस्तू आणल्या आहेत. एक फ्लाय रीळ, म्हणजे पिसांची माशी बांधून मासे धरताना दोरा गुंडाळायची चकरी, आणि एक पतंगाची आसारी. आसारी पुतण्याची आहे, त्याला न विचारता उचलली आहे, त्यामुळे संध्याकाळच्या आत परत जायला हवी.

संक्रांतीला पतंग उडवलेल्या माणसाला आसारी कशी भरायची ते सांगावं लागत नाही. मांजा महाग, म्हणून आधी खाली सद्दी गुंडाळायची, भरपूर, आणि वर लागेल तेवढाच मांजा. पेच लढतो तो मांजा. सद्दीकडे कुणी बघतसुद्धा नाही. पण पतंग लांब गेला की बोटांत येते ती सद्दीच. फ्लाय रिळातलं बॅकिंग म्हणजे ही सद्दी. एवढं कळलं की माझं अर्धं व्याख्यान संपलं. उरलेलं अर्धं पैशाचं आहे.

नव्या मंडळींसाठी थोडं मागे जातो. नेहमीच्या गळाला शिशाचं वजन असतं, ते फेकलं की दोरा त्याच्यामागे जातो. इथे गळाला बांधलेल्या पिसांच्या माशीला वजनच नाही, म्हणून वजन दोऱ्याला दिलेलं असतं. ती जाड, प्लास्टिकचा लेप असलेली फ्लाय लाइन साधारण ९० फुटांची, म्हणजे २७ मीटर. ती महाग असते आणि असू द्या, फेक तिच्यावर चालते. मासा २७ मीटरच्या पुढे पळाला तर काय, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे बॅकिंग.

आता दुकानात जाऊ. छान छापील डबी समोर येते, वर ‘फ्लाय बॅकिंग, २० पौंड, १०० वार’ असं लिहिलेलं. आत काय असतं? विणलेला पॉलिएस्टर. आमच्या वडिलांच्या पिढीचे टेरिलीनचे शर्ट आठवतात? इस्त्री न लागणारे, उन्हाळ्यात अंग शिजवणारे? तोच धागा. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी तो शोधला, तिकडे त्याचं नाव टेरिलीन पडलं, आणि अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने त्यालाच डॅक्रॉन म्हटलं. त्याआधी लाइन रेशमाची असे आणि मागे तागासारखा वनस्पतीचा धागा. संध्याकाळी सगळं उलगडून वाळवायचं, नाहीतर कुजायचं. डॅक्रॉन कुजत नाही, फार ताणला जात नाही, गाठ चांगली धरतो. बॅकिंगकडून आणखी काही नको असतं.

आणि हाच विणलेला डॅक्रॉन बोटीतून समुद्रावर गळ ओढणारे वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. तो मोठ्या रिळांवर मिळतो, ५०० वार, १००० वार. वाराला भाव काढून बघा. डबीतल्या आणि मोठ्या रिळातल्या दोऱ्यात मला आजवर दिसलेला फरक डबीचाच आहे. चौघांनी मिळून एक मोठं रीळ घ्यावं आणि वाटून घ्यावं, असं माझं सरळ मत आहे.

स्वस्त आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका मात्र. एक वारभर दोरा बोटांतून ओढून बघा. वीण एकसारखी लागली पाहिजे, मध्येच गाठ किंवा पोकळ, चपटा भाग नको. मग घरी जाऊन एक टोक गॅलरीच्या गजाला बांधा, दुसऱ्याला पाण्याने भरलेला ५ लिटरचा कॅन लटकवा, गाठी ओल्या करा आणि चहा करायला जा. वीस पौंड म्हणजे साधारण ९ किलो. पाच किलोला जो दोरा कुरकुरेल तो दुकानदाराला परत.

इथे कुणीतरी नेहमी विचारतं, मग ३० पौंडाचा का नको, जास्त मजबूत तो चांगला ना? ट्राउट माशासाठी गळावरच्या माशीला जोडलेला शेवटचा बारीक धागा, ५ एक्स म्हणतात तो, दोन-सव्वादोन किलोला तुटतो. मासा कितीही जोर लावू दे, आधी तो तुटणार. मागचा दोरा नऊ किलोचा की चौदा किलोचा, माशाला ते कधीच कळत नाही. जाड दोऱ्याने फक्त जागा खाल्ली जाते.

जागेवरून बॅकिंगचं दुसरं काम आलं, आणि माझ्या मते ट्राउटवाल्यांसाठी तेच खरं. हिमाचलात तीर्थनच्या किंवा पब्बरच्या पाण्यात मासा तुमची अख्खी लाइन बाहेर काढेल असा दिवस क्वचित उगवतो. तरी बॅकिंग लागतंच, कारण फ्लाय रिळाला बहुधा दातेरी चक्रांची मदत नसते. हँडलचा एक फेरा, की स्पूलचा, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या चाकाचा, एक फेरा. स्पूलचा मधला गाभा ३ सेंटिमीटर व्यासाचा असेल तर एका फेऱ्यात सव्वानऊ-साडेनऊ सेंटिमीटर दोरा आत येतो. तोच गाभा बॅकिंगने फुगवून ७ सेंटिमीटर केला की एका फेऱ्यात २२. मासा तुमच्याकडे वळून २५ मीटर धावत आला, तर पहिल्या रिळावर २६५ फेरे, दुसऱ्यावर ११४. हात दुखण्याचा भाग सोडा, तेवढ्या वेळात ढिला पडलेला गळ तोंडातून सुटतो. शिवाय बारीक गाभ्यावर गुंडाळलेली लाइन जिलबीसारखी वेटोळी होऊन बाहेर येते, आणि मग फेक कुठली व्हायला!

आता काय घेऊ नये ते. साधा नायलॉनचा एकेरी तंगूस घेऊ नका. घरात पडलेला असतो, फुकट असतो, मोह होतो. मला झाला होता. पहिल्या रिळाचं स्पूल प्लास्टिकचं होतं, त्यावर शंभर वार तंगूस मी जोर लावून घट्ट गुंडाळला, स्वतःवर खूश झालो. आठवड्याभराने रीळ फिरेना. नायलॉन ताण दिला की लांबतो आणि मग आखडायला बघतो. एका वेटोळ्याचा जोर काहीच नाही, पण शेकडो वेटोळी एकदम आवळायला लागली की स्पूलच्या कडा फाकतात. माझ्या फाकल्या होत्या. स्वस्तातलं बॅकिंग मला एका रिळाला पडलं. गवंड्याची लाइनदोरीही तशीच, बहुतेक नायलॉनची आणि वर पिळाची. ओली झाली की पीळ सुटून गुंता. पतंगाची सद्दी सुती असते, ती कुजते. उपमा मी दिली म्हणून कुणी खरोखर गुंडाळू नका.

दुसऱ्या टोकाला जेल-स्पन. डायनीमा, स्पेक्ट्रा ही नावं ऐकली असतील. पॉलिइथिलीनचाच धागा, पण विलक्षण ताकदीचा. ५० पौंडांचा जेल-स्पन २० पौंडांच्या डॅक्रॉनपेक्षाही बारीक असतो. महाग आहे, बुळबुळीत आहे, नेहमीची गाठ त्याच्यातून निसटते, स्पूलवर तो आख्खाच्या आख्खा गरगर फिरतो आणि मासा पळताना बोट मध्ये आलं तर कापतो. ट्राउटला तो घेणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं. पण महासीरवाल्यांना मी नाही म्हणणार नाही. १८३९ मध्ये कर्नल साइक्सने आपल्या मुळा-मुठेतल्या ज्या माशाचं वर्णन केलं आणि ज्याच्या शास्त्रीय नावात ‘खुड्री’ हे इथलंच नाव ठेवलं, तो दख्खनचा महासीर. त्याच्या हिमालयातल्या भावाने एकदा प्रवाहाच्या दिशेला तोंड केलं की २७ मीटर काही सेकंदांत संपतात. तिथे २०० वार हवेत, आणि रीळ लहान असेल तर बारीक दोरा घेण्याला अर्थ आहे. रीळ मोठं असेल तर ३० पौंडाचा डॅक्रॉनच पुरतो. कोकणात खाडीत जिताड्याच्या मागे जाणाऱ्यांनाही तोच, फक्त घरी आल्यावर गोड्या पाण्यातून काढायचा.

किती भरायचं याचा आकडा रिळाच्या कागदावर असतो. मी त्याच्यावर विसंबत नाही, कारण प्रत्येक दोऱ्याची जाडी निराळी. उलटं भरा. रिकाम्या स्पूलवर आधी फ्लाय लाइन गुंडाळा, माशीकडचं टोक आत ठेवून. तिच्यावर बॅकिंग गुंडाळत या, कडेला अर्धा सेंटिमीटर उरला की थांबा आणि कापा. मग सगळं काढायचं आणि उलटं भरायचं. हे काढायला मैदान लागतं. मी पहाटे टेकडीवर गेलो होतो. फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, ‘‘जमिनीची मोजणी का?’’ हो म्हणून टाकलं, समजावत बसलो असतो तर नऊ वाजले असते. सोपा मार्ग म्हणजे जवळ दोन रिकामी रिळं ठेवायची, एकावरून दुसऱ्यावर घेतलं की टोकं बरोबर उलटतात. अर्धा सेंटिमीटर मात्र सोडाच, नाहीतर घाईत वाकडीतिकडी भरलेली लाइन रिळाच्या चौकटीला घासते आणि तिचा लेप जातो. महागातली वस्तू स्वस्तातल्या वस्तूपायी जाते.

वाचलेल्या पैशांच्या बदल्यात वेळ द्यायचा तो गाठीला आणि गुंडाळण्याला. गाभ्याला दोन वेढे घेऊन सरकगाठ. लाइन आणि बॅकिंगच्या जोडाला खिळागाठ. तिला पोकळ नळी लागते, संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा उत्तम. लाइनला तयार फासा असेल तर बॅकिंगला एवढा मोठा फासा करा की त्यातून अख्खं रीळ जाईल, म्हणजे लाइन बदलताना काही कापावं लागत नाही. आणि दोरा ओल्या फडक्यातून ओढत, डावीकडून उजवीकडे नेत घट्ट गुंडाळा. डॅक्रॉनला ती घट्टाई चालते. ढिला भरलात तर मासा ओढतो तेव्हा वरचं वेटोळं खालच्यात रुततं, रीळ जागच्या जागी थांबतं, आणि त्या क्षणी दोन किलोचा धागा तुटतो.

रंगाचं विचारताय? पांढरा स्वस्त असेल तर पांढरा. केशरी दोरा पाण्यावर लांबून दिसतो, मासा कुठे वळला ते कळतं, म्हणून मी चार पैसे जास्त देतो. पण ती हौस आहे.

ज्यांनी रिळं आणलीत त्यांनी पुढच्या सतरंजीवर या. मोठं रीळ मी आणलंय, कात्री एकच आहे. रिफिली मात्र भरपूर आहेत.