ताईचे तास

मागे जो गोंगाट ऐकू येतोय ना, तो भांडणाचा नाहीये, वाचनाचा आहे. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याची वस्ती, समाजमंदिराचा हॉल, संध्याकाळचे साडेपाच, वर पत्र्यावर पाऊस आणि खाली वीस-पंचवीस पोरं एकाच वेळी वेगवेगळी वाक्यं जोरजोरात वाचतायत. कोपऱ्यात खडू धरून उगाचच हसत बसलीये ती मी. एसवायबीए, सायकॉलॉजी स्पेशल.

खरं सांगू का, समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं. सिनियर्स म्हणाले एनएसएसला, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव घाल, ग्रेस मार्क मिळतात, घातलं. वर्षाला १२० तास भरायचे, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं एक कॅम्प. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात ही योजना सुरू झाली, बोधवाक्य 'नॉट मी बट यू', आणि आम्ही दोघं-तिघं कट्ट्यावर भेटलो की पहिला प्रश्न काय, तर 'तुझे किती झाले?'

इथे पोरांना इयत्तेप्रमाणे बसवत नाहीत. अक्षरवाले, शब्दवाले, परिच्छेदवाले, गोष्टवाले. ज्याला जेवढं वाचता येतं तिथून पुढे. ही पद्धत 'प्रथम' संस्थेमुळे सगळीकडे पोचलीये, पोरांना कितपत वाचता येतं ते तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत पण हेच टप्पे असतात. कागदावर झकास वाटतं, पण सहावीतला उंच मुलगा दुसरीतल्या पोरांशेजारी शब्दवाल्यांत बसतो तेव्हा त्याचे कान लाल होतात, ते कागदावर दिसत नाही.

त्याच्याच बाबतीत मी पहिली माती खाल्ली. सतत जांभया, खिडकीबाहेर बघणं, तीनदा हाक मारली तरी ढिम्म. आम्ही नुकतंच अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजीचं पुस्तक चाळायला घेतलेलं, त्या काळात आम्हाला घरातल्या मांजरालाही काहीतरी डिसऑर्डर असल्यासारखं वाटायचं, तर मी माझ्या डायरीत लिहिलं, 'एडीएचडी?', म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार. प्रश्नचिन्ह टाकलं म्हणजे आपण फार जबाबदारीने वागलो असं वाटलं मला. दोन आठवड्यांनी त्याच्या आईशी बोलता बोलता कळलं की त्यांच्या गल्लीत पाणी पहाटे चारला येतं, आई कामावर आणि बाप गावाला, म्हणून हंडे हाच भरतो. बस्स. झोप येत होती पोराला. माणसाच्या वागण्याचं कारण परिस्थितीत न शोधता त्याच्या स्वभावातच शोधायची जी खोड असते तिला ली रॉस या सायकॉलॉजिस्टने १९७७ मधे नाव दिलं, फंडामेंटल अ‍ॅट्रिब्युशन एरर. पाच मार्कांची टीप येते त्याच्यावर. मला पाचपैकी साडेचार होते.

आता चॉकलेटची गोष्ट. ऑगस्टमधे पोरं गळायला लागली, सण होते, पाऊस होता. आमच्यातल्या एकाने आयडिया काढली, एक पान वाचलं की एक चॉकलेट. हॉल भरला की हो! दाराबाहेर चपलांचा ढीग, आम्ही फोटो काढले, ग्रुपवर टाकले, आमच्या सरांनी थम्सअपचा अंगठा टाकला.

पण गोष्टवाल्यांत एक मुलगी होती, चौथीतली. ही वडापाव बांधलेला कागद पण उलगडून वाचणारी, तेलाच्या डागाखाली काय लिहिलंय ते विचारणारी. ती तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, हे पान चालेल का? यात चित्र मोठंय, दोनच ओळी आहेत." मला त्यात काही वाटलं नाही, हसले मी. मग एका गुरुवारी चॉकलेट संपली, तर तिने पुस्तक मिटलं, ठेवलं आणि बाहेर लंगडी खेळायला गेली. तेव्हा मात्र पोटात गलबललं.

सेमिस्टरच्या अभ्यासात १९७३ चा प्रयोग पुढ्यात आला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट हे तीन सायकॉलॉजिस्ट, स्टॅनफर्डची नर्सरी, ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडतं अशी ५१ मुलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि लाल रिबिनीचं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा स्केचपेनं ठेवली, कोण किती वेळ रमतंय ते गुपचूप बघितलं. सांगून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ रमली. न सांगता अचानक बक्षीस मिळालं त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे वाट बघायला लावणारं बक्षीस घात करतं. मी हे वाचलं आणि मला सरळ आमचा हॉल दिसला, चपलांचा ढीग आणि तो अंगठा.

चॉकलेट बंद करा म्हणून मी मीटिंगमधे तावातावाने बोलले. आणि तिथे आमच्याच वर्गातली एक जण शांतपणे म्हणाली, अगं पण तो सहावीतला? खरंच की. तो आला तोच चॉकलेटसाठी. त्याला वाचनाची आवड नव्हतीच, मग बिघडणार काय? चॉकलेटच्या नादाने तो जोडाक्षरांपर्यंत आला होता. प्रयोगातली वाक्यं परत वाचली तर तिथेही तेच, मुलं निवडली होती ती आधीच आवड असणारी. हे पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून सुटलं होतं, कारण मला माझी बाजू सापडली होती ना.

मग एकाला चॉकलेट आणि एकीला नाही असं करायचं कसं, त्यावर महिनाभर भांडलो. शेवटी चॉकलेट हळूहळू कमी करत बंद केली, वडापाववालीसमोर रोज एक अर्धी गोष्ट ठेवायची आणि बाकी अर्धी दुसऱ्या दिवशी असं सुरू केलं. थोडी परत आली ती. पहिल्यासारखी नाही, खोटं कशाला बोलू.

आणि हा सगळा हिशोब आम्हालाच लागू होता हे लक्षात यायला जानेवारी उजाडावा लागला. वृक्षारोपण, स्वच्छता मोहीम, ओरिएंटेशन धरून बऱ्याच जणांचे १२० भरले आणि हॉलमधे आम्ही अकराचे चार उरलो. गेले त्यात माझी एक मैत्रीण होती, जी अकरावीपासून स्वतःच्या हौसेने पोरांना शिकवायची, कुणी सही करायला नव्हतं तेव्हापासून. तासांची डायरी भरायला लागल्यावर तिला पहिल्यांदा कंटाळा आला म्हणाली. मी तर तासांसाठीच आलेले, माझी चॉकलेटं संपली तरी मी बसूनच राहिले, का ते विचारू नका, क्लॅरी आणि स्नायडर या सायकॉलॉजिस्टांच्या १९९८ च्या प्रश्नावलीत स्वयंसेवकाची सहा कारणं दिलीयेत, मी दोनदा भरली आणि दोन्ही वेळा वेगळं उत्तर आलं.

माझ्या तासांच्या डायरीची बेरीज मी त्या चौथीतलीला करायला देते, गणित म्हणून. साडेपाच ते सात, दीड तास, मागच्यात मिळव. १२० झाले त्या दिवशी तिने वर बघून विचारलं, "ताई, आता उद्या?" मी म्हटलं, तू पुढे लिही. परवा तिने आकडा १३८ वर नेला. त्यात एक दीड तास चुकून दोनदा मिळवलाय, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.